काकांनी बांधून दिलेली वीणा

माझ्या बायकोचे काका ज्या वस्तूकडे पाहत, ती त्यांना आधी फुटलेली दिसे आणि मग अख्खी. कपबशी समोर आली की कान निखळलेला कप, लग्नात नवरानवरी समोर आली की चुरगळलेले हार, आणि रस्त्याने कुणी तंबोरा घेऊन चाललं असेल तर त्याच्या भोपळ्याला गेलेली चीर त्यांना लांबूनच दिसायची. ती अजून गेलेली नसायची, एवढंच. इतक्या फुटक्या जगात राहणारा माणूस खरं तर उदास असायला हवा. काका नव्हते. जे फुटणार आहे ते आपल्याला आधी कळलं, म्हणजे आता ते वाचवता येईल, या विचाराने ते सदा उत्साहात असत. इतका आनंदी काळजीखोर मी दुसरा पाहिला नाही.

त्यांचं घराणं म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातलं, मूळचं रंगाऱ्यांचं. कापड रंगवायचा आणि छापायचा धंदा त्यांच्या वडिलांच्या हयातीतच मिटला. मागे राहिली ती अंगणातली एक दगडी टाकी आणि कुठलंही कापड हातात आलं की बोटांनी चोळून पाहायची घरादाराची सवय. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेल्या या लोकांच्या घरात मराठी चाले, पण वाक्य मराठीत निघून कानडीत पोचायचं. मी सोलापूरकडून नोकरीसाठी आलो, एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागलो आणि या घरचा जावई झालो. जावयाला आदराने हाक मारायचा कानडी शब्द आहे, 'अळियंदिरे'. काकांनी मला पहिल्या दिवशी तो लावला आणि शेवटपर्यंत काढला नाही. माझं नाव त्यांना आठवत होतं की नाही, याची मला शंकाच आहे. ते सरकारी कचेरीत जावक टेबलावर होते. बाहेर जाणारा प्रत्येक कागद त्यांच्या हातून जाई, पण त्यात त्यांचा जीव रमला नाही. "कागदाचं काय हो अळियंदिरे, तो पडला तर त्याला लागतंय होय?" त्यांना हवी होती लागणारी वस्तू. ती त्यांना शेजारी सापडली. तिथे मृदंग वाजवणारे एक विद्वान राहत. त्यांचा मृदंग एकदा परगावच्या मैफलीहून रेल्वेने परत आला तो पुडीवरच्या काळ्या शाईला तडा घेऊनच. काकांनी त्या तड्यावरून बोट फिरवलं आणि त्यांच्या पुढच्या आयुष्याची व्यवस्था झाली. तेव्हापासून ओळखीतल्या वादकांची वाद्यं बाहेरगावी जायची ती काकांच्या अंगणातून बांधून. काकांना स्वतःला काहीच वाजवता येत नसे. कुणी त्यावरून चेष्टा केली तर म्हणत, "वाजवणारे पुष्कळ आहेत या गावात. पोचवणारा कोण आहे सांगा."

वाद्य बांधणं म्हणजे त्यांच्या लेखी आजाऱ्याला गावाला नेणं होतं. मृदंग आला की आधी त्याच्या वाद्या सैल करायच्या, कारण ताणून ठेवलेलं चामडं वाटेतल्या उन्हाथंडीत आणखी आवळतं आणि फाटतं. "तुम्ही झोपताना कंबरेचा पट्टा काढता, अल्वा, काढता ना? मग त्यालाही काढू द्या की." वाजवताना डाव्या पुडीला भिजवून लावलेला रवा खरवडून घ्यायचा, नाहीतर मालडब्यात उंदीर पंगतीला बसतात. मग जुनं सुती कापड, मग गवत, मग पेटी. पेटीच्या बाहेर पुन्हा गवत आणि त्याच्या बाहेर दुसरी पेटी. गवत रागीचं, म्हणजे नाचणीचंच हवं, भाताचं टोचतं. आणि रागीचंही सरगूरकडचंच हवं. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. माझा अंदाज असा की तिथे त्यांच्या कचेरीतल्या एका शिपायाचं शेत होतं आणि त्याच्या घरी जेवण चांगलं मिळे. सरगूरहून ते गवताचा भारा बसमध्ये स्वतःच्या मांडीवर घेऊन येत. एकदा कंडक्टरने कौतुकाने विचारलं, "गुरं किती आहेत घरी?" काका म्हणाले, "गुरं नाहीत. तबले आहेत."

गुरांनी मात्र हा अपमान लक्षात ठेवला असावा. एकदा भरलेली पेटी दारात हातगाडीची वाट पाहत होती आणि रस्त्यावरच्या गाईने फटीतून गवत ओढून खायला सुरुवात केली. मी हाकलायला धावलो तर काकांनी माझा दंड धरला. गाय दचकली तर लाथ मारेल, आणि लाथ पेटीला बसेल. मग ते स्वतः तिच्या कानाशी जाऊन उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणू लागले, "निधान, निधान." कानडीत याचा अर्थ सावकाश, जपून. हा त्यांचा लाडका शब्द होता. तो ते हमालांना म्हणत, जिना उतरणाऱ्या बायकांना म्हणत, आणि घास गिळणाऱ्या पाहुण्यालाही म्हणत. गाय निधानपणे सगळं गवत खाऊन गेली. काकांनी पेटी उघडून पुन्हा भरली आणि म्हणाले, "बघा, आवाज न करता जेवली. तुमच्या हमालांपेक्षा शहाणी."

बांधलेल्या पेटीची परीक्षा पापडाने होई. वाद्याच्या जागी एक तळलेला पापड कापडात गुंडाळून ठेवायचा, पेटी बंद करायची आणि जिन्याच्या वरच्या पायरीवरून सोडून द्यायची. पापड अख्खा निघाला तर मृदंग दिल्लीलासुद्धा जाईल. मोडला तर काका तो खाऊन टाकत आणि पेटी पुन्हा भरत. या परीक्षेसाठी काकूंना वेळी-अवेळी कढई चढवावी लागे. त्या शांतपणे म्हणत, "ह्यांची पेटी नेहमी चार वाजताच नापास कशी होते, ते एकदा विचारा तुमच्या काकांना." काका उत्तर देत नसत, कारण तोंडात पापड असे.

त्यांचं सगळंच बरोबर ठरे असं नाही. एका वर्षी एका ढोलाच्या खोडाला किडा लागला आणि काकांची झोप उडाली. तंबाखूच्या वाटेला किडा जात नाही, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं. हुणसूर तर तंबाखूचाच मुलूख. काका बसने गेले आणि तंबाखूची रिकामी पोती घेऊन आले. परतीच्या बसमध्ये त्यांच्या आसपासची बाकं रिकामी राहिली, याचंही त्यांना समाधानच वाटलं. त्या पोत्यांत गुंडाळून शेजारच्या विद्वानांचा मृदंग मद्रासला गेला. हे विद्वान इतके सोवळे की पान खाल्लेल्या माणसाशी मान वळवून बोलत. मैफलीत त्यांनी मृदंगावर पहिली थाप मारली आणि त्यांना शिंक आली. दुसरी थाप, दुसरी शिंक. आवर्तनं पुढे गेली तशी शिंक समेवर येऊ लागली, आणि श्रोत्यांतले काही जाणकार माना डोलवू लागले. परत आल्यावर विद्वान तडक काकांच्या अंगणात आले आणि बराच वेळ बोलले. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किडा होता?" "नव्हता." "मग?" पुढचे काही दिवस दोन घरांत बोलणं नव्हतं. तरी पुढच्या मैफलीआधी मृदंग पुन्हा काकांच्याच अंगणात आला.

पेटीवर 'सांभाळून' असं लिहिण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. वाटेत किती भाषा लागतात, हमालाने कुठली वाचायची? म्हणून ते पेटीवर झोपलेलं बाळ रंगवत. घराण्याचा रंगाचा हात तेवढाच चालू राहिला होता, पण चित्रकला पोचली नव्हती. बाळ बहुतेक वेळा लाल भोपळ्यासारखं निघे. ज्या एका पेटीवर ते खरोखर बाळासारखं जमलं, ती पेटी स्टेशनवरच्या पोलिसांनी अडवली आणि आत काय आहे ते पाहायला काकांसमोर उघडली. काकांना राग आला नाही. चित्र ओळखू आलं यातच ते खूश होते.

माझी बायको सुमती ही त्यांच्या थोरल्या भावाची मुलगी. वडील लवकर गेल्यामुळे ती काकांच्याच घरी वाढली. ती वीणा वाजवायची. आमच्या लग्नानंतर वीणा सासरी आली ती अर्थातच काकांनी बांधून, दोन गल्ल्या पलीकडून. ती पेटीतून मोकळी करण्यात आमचा संसाराचा पहिला दिवस गेला. पुढे घरात रोज संध्याकाळी वीणा वाजत असे आणि मी शेजारच्या खोलीत पुस्तक वाचत असे. मला संगीतातलं काही कळत नाही. घर चालू आहे, एवढं त्यातून कळायचं.

सुमती पौषात गेली. आजार थोडक्यात आटोपला. आमची एकुलती एक मुलगी शैला नागपूरला असते. तीही वीणा आईकडूनच शिकली. दिवस झाल्यावर ती परत गेली, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तिचा फोन आला. "बाबा, आईची वीणा पाठवाल? माझ्या वीणेवर हातच जात नाही. ती आली तर बसेन. नाहीतर हे सुटलंच आता माझं." तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. त्यामुळेच मी घाबरलो.

मी काकांना बोलावलं. ते वीणेसमोर बराच वेळ मांडी घालून बसले. वीणेच्या दांडीवरचे पितळी पडदे, म्हणजे सुरांच्या पट्ट्या, मेणात बसवलेले असतात. मेण तापलं की मऊ पडतं, आणि वाटेत हादरे बसले की पडदे सरकतात. सरकलेले पडदे कारागीर पुन्हा बसवू शकतो. पण या वीणेचे पडदे शेवटचे बसवले तेव्हा सुमती कारागिराशेजारी दिवसभर बसली होती. एकेक पडदा तो मेणात दाबायचा, तार छेडायचा, आणि ती 'हं' म्हणाली की पुढे सरकायचा. ते 'हं' आता कुणाकडे मिळणार नव्हतं. शैलाला वीणा हवी होती ती या पडद्यांसकट. "मेण आहे अळियंदिरे," काका म्हणाले, "आणि ऊन नागपूरचं. आता नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. काका उभे होते, हातात माझंच वर्तमानपत्र. ते आत आले, खुर्चीत बसले आणि थेट हवामानाच्या कोपऱ्यावर गेले. "नागपूर फार आहे आज. नाही जमत." मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी कॉफी केली. माझी कॉफी म्हणजे रंग लावलेलं गरम पाणी, असं त्यांचं मत होतं. त्या दिवसापासून रोज हेच. त्यांच्या घरीही वर्तमानपत्र येई, पण नागपूरचं ऊन त्यांना माझ्याच अंकात पाहायचं असे. त्या दिवसांत मला सकाळी अंथरुणातून उठावं असं वाटत नसे. पण दार उघडायला उठावं लागे. उठलो की तोंड धुवावं लागे, आणि म्हाताऱ्या माणसासमोर पारोसं बसायची लाज वाटून आंघोळही होई. काका नागपूरला शिव्या देत, मी कॉफी पीत असे, आणि दिवस सुरू होई. असा एक आख्खा उन्हाळा त्यांनी मला हाताला धरून पार करून दिला. आपण तसं काही करतोय हे त्यांना ठाऊक होतं का, ते मला आजही सांगता येत नाही.

पाऊस झाला, नागपूर निवलं, आणि काकांना नव्या अडचणी सुचू लागल्या. गवत दमट आहे. पेटीचं लाकूड फुगलंय. अमावास्या जवळ आली. एकदा तर म्हणाले की नागपूरची माणसं सामान उचलताना बोलत फार असतात असं ऐकलंय. शैला फोनवर वैतागली. "आजोबांना म्हणावं, वीणा पाठवायची आहे, मुलगी नाही." मी तसंच सांगितलं. काका स्वतःशीच पुटपुटले, "दोन्हीत काय फरक म्हणते ती?" तेव्हा मला कळलं. साऱ्या गावाची वाद्यं त्यांनी हसत बाहेर काढली होती. ही एक त्यांना आपल्या हाताने दाराबाहेर काढवत नव्हती.

दसऱ्याची पाहुणेमंडळी गावातून ओसरली. एका सकाळी मी म्हणालो, "काका, नागपूर आता थंड आहे."

"दिसतंय मला," ते म्हणाले. वर्तमानपत्राची घडी त्यांनी नीट घातली, उलगडली, पुन्हा घातली. "शैला वाजवणार आहे ना पण? सुम्मने, उगाच कोपऱ्यात ठेवणार नाही ना?"

"वाजवायलाच मागतेय."

"हं. मग सुमीच्या साड्या कुठं आहेत?"

सुमतीचं कपाट मी ती गेल्यापासून उघडलं नव्हतं. त्याच्या किल्लीला हात लावायचीही मला भीती वाटे. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "नवं कापड घसरतं हो. पडद्यांवर घसरणारं कापड नको. वापरून मऊ झालेलं सुती पाहिजे. ते दुसरं कुठं मिळणार?" आणि त्यांनी जाऊन कपाट उघडलं. मी दारात उभा राहिलो. ते एकेक साडी बाहेर काढत, दोन बोटांत चोळत आणि तक्रार करत. "ही जरीची, ओरखडे पाडेल. ही कांजीची, कडक आहे. ही काय, ही तर एकदाच नेसलेली दिसते, स्वल्पसुद्धा मऊ नाही. कुणी दिली होती?"

"मी."

"दिसतंच आहे. ही बघा, ही चांगली."

ती स्वयंपाक करताना नेसायची ती निळी साडी होती. ते कपाट जेव्हा उघडेल तेव्हा आपलं काय होईल, या धास्तीत मी इतके महिने काढले होते. आणि ते उघडलं गेलं ते कुठलं कापड किती घसरतं या चर्चेत. मी जवळ गेलो, आणि काकांना मऊ साड्या काढून देऊ लागलो.

तारा सैल केल्या. घोडी काढून वेगळी बांधली. छोटा भोपळा उतरवून त्याला स्वतंत्र पेटी दिली. पडद्यांच्या रांगेवर आधी निळी साडी आली, तिच्यावर दुसरी, मग बाकीच्या. सगळीकडे सरगूरचं वाळवलेलं गवत. पापडाची परीक्षा त्यांनी या पेटीची घेतली नाही. शेवटची दोरी माझ्या हातात दिली. माझ्या गाठींविषयी त्यांचं मत कॉफीसारखंच होतं. आजवर मी मारलेली प्रत्येक गाठ त्यांनी माझ्यादेखत सोडून पुन्हा मारली होती. ही त्यांनी बोटाने चाचपून पाहिली आणि तशीच राहू दिली.

पेटी गेली. काका त्यानंतरही रोज सकाळी येत होते, पण बोलत कमी होते. शैलाचा फोन आला तेव्हा ते समोरच बसले होते. आम्ही दोघांनी एकाच रिसीव्हरला कान लावले.

"आजोबा, पेटीत पेटी, तिच्यात गवत. शेजारच्या बायका बघायला जमल्या होत्या."

"मेण?" काकांनी विचारलं.

"जागेवर दिसतंय," ती म्हणाली. "बाबा, साड्या मिळाल्या."

मग तिने तारा चढवल्या, रिसीव्हर जवळ ठेवला आणि वाजवायला सुरुवात केली. किती महिन्यांनी तो आवाज ऐकत होतो. काकांची मान माझ्या मानेला लागली होती आणि ते श्वास रोखून होते. मध्येच शैला थांबली. एक सूर तिने पुन्हा छेडला, मग पुन्हा.

"बाबा, मधला एक पडदा जरासा उतरा बोलतोय. आईचा असाच होता का?"

मी काकांकडे पाहिलं. काकांनी माझ्याकडे. एकाने त्या वीणेसोबत संसार केला होता, दुसऱ्याने ती वाजवणारीला वाढवलं होतं, आणि दोघांपैकी एकालाही उत्तर देता येईना. काकांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

"वाटेत सरकला असंल," ते हळूच म्हणाले. "माझ्या हातून राहिलं काहीतरी."

"सुमतीला तसाच हवा असेल," मी म्हणालो.

"तुम्हाला माहीत आहे?"

"नाही."

"मग उगाच कशाला बोलता?"

पलीकडे शैलाने हे सगळं ऐकलं असावं. "असू दे आजोबा," ती म्हणाली. "मी नाही तो हलवणार. आईचा असेल नाहीतर तुमचा. मला दोन्ही चालतात." आणि ती पुढे वाजवू लागली. काकांनी रिसीव्हर सोडला नाही. वाजवणं संपलं तेव्हा माझी कॉफी गार झाली होती. ती त्यांनी आत नेऊन गरम करून आणली.

काका जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांच्या अंगणात स्कूटर उभ्या असतात. मृदंग बाहेरगावी जातात ते तयार पेट्यांतून, आणि सुखरूप पोचतात असं म्हणतात. थंडीत मी शैलाकडे जातो. ती संध्याकाळी आईची वीणा घेऊन बसते आणि मी शेजारच्या खोलीत पुस्तक उघडून बसतो. संगीतातलं मला अजूनही काही कळत नाही. पण तिचं बोट त्या एका पडद्यावर गेलं की मला कळतं, आणि मी वाचायचा थांबतो. तेवढा एकच सूर मला ओळखता येतो. कुणी जाणकार गाठून विचारलं असतं तर तो कुणाचा, हे कदाचित समजलं असतं. मी विचारलेलं नाही.